‘वादी’ : तबल्याची आणि कोर्टातली

प्रश्न : माझे आजोबा मिरजेत तबले मढवायचे. “वादी भिजली का रे?” हे रोज कानावर यायचं. वादी म्हणजे तबला ताणून बांधायची चामड्याची पट्टी; ती ओलीच ओढायची, वाळली की आवळून बसते. परवा जमिनीच्या दाव्यात माझ्या नावापुढे ‘वादी’ लिहिलेलं पाहिलं आणि ओल्या कातड्याचा वासच आला. हे दोन्ही शब्द एकच का?

प्रतिसाद : नाही. कोर्टातला वादी ‘वद्’ धातूचा, म्हणजे बोलणारा, बाजू मांडणारा. गाण्याच्या रागातला वादी, म्हणजे मुख्य स्वरही त्याच घरचा. चामड्याची वादी मात्र संस्कृत ‘वर्ध्री’वरून आली. अमरकोशात ‘नद्ध्री वर्ध्री वरत्रा’ अशी चामडी पट्ट्याची नावं ओळीने दिली आहेत.

प्रतिसाद : आमच्या कोल्हापुरात चपलेची शिवणसुद्धा वादीचीच, खिळा नाही. चाबकाच्या टोकालाही वादीच.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. पुडीच्या, म्हणजे तबल्याच्या तोंडावरच्या चामड्याच्या, सोळा घरांतून ओवलेली, आठ गट्ट्यांवरून (लाकडी ठोकळ्यांवरून) ताणलेली ती पट्टी थेट अमरकोशात! आजोबा असते तर आजच वाचून दाखवलं असतं. त्यांची चामडं कापायची रापी अजून माझ्याकडे आहे. त्या शब्दाचं मूळ कुणी सांगेल का?