मदत हवी आहे : मेसच्या क्लास डायग्राममध्ये खाडा कुठे बसवायचा?

सदाशिव पेठेतल्या एका मेससाठी यूएमएल (सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांनी मांडायची पद्धत) मॉडेल करतोय. महिन्याला ६० ताटं, सलग ३ दिवस किंवा जास्त खाडा आधी कळवला तर तेवढी मुदत वाढते.

सभासद आणि योजना यांच्यामध्ये 'सदस्यत्व' आधी असोसिएशन क्लास (दोन क्लासमधल्या नात्याचीच माहिती ठेवणारा क्लास) म्हणून काढलं होतं. तिथेच चुकलं. असोसिएशन क्लासमध्ये एका जोडीला साधारणपणे एकच दुवा मिळतो, आणि इथे तोच मुलगा तीच योजना दर महिन्याला नव्याने घेतो. म्हणून सदस्यत्व आता स्वतंत्र क्लास आहे, दोन्हीकडून १ ते ०..* (एका सभासदाची किंवा योजनेची सदस्यत्वं शून्य किंवा कितीही). हे पक्कं.

अडलंय ते खाड्याशी. स्टेट डायग्राममध्ये (सदस्यत्वाच्या अवस्था कशा बदलतात ते दाखवणारी आकृती) 'चालू' वरून 'खाड्यावर' अशी अवस्था छान दिसते, पण तिच्यात मागचे खाडे राहत नाहीत, आणि हिशोबाला तर तेच लागतात. म्हणून खाडा हा क्लास करून, भरीव हिऱ्याच्या खुणेने (कंपोझिशन, म्हणजे भाग पूर्णाच्याच मालकीचा) सदस्यत्वाला जोडायचा विचार आहे. अवस्थाही ठेवावी, की खाड्याच्या तारखांवरूनच काढावी? दोन्ही ठेवली तर ती कधीतरी एकमेकांशी विसंगत होतील, ही खरी धास्ती.

शिवाय पाहुण्याचं ताट : ताटाकडून सदस्यत्वाला ०..१ (असेल किंवा नसेल) द्यावं, की वेगळा सबक्लास (उपप्रकार)? कुणी असं काही केलं असेल तर नक्की सांगा.