काट्यावर टाकलेला खाते नंबर चुकाऱ्यात नल (null, म्हणजे रिकामा) येतो

जिनिंगवाला, वणीकडचा
राम राम. आमच्या जिनिंगचा काटा जुन्या जेएसपी-सर्व्हलेटवर (जावाच्या वेब प्रोग्रॅमवर) चालतो. औंदा चुकाऱ्याचा (शेतकऱ्याला पैसे द्यायचा) भाग मी जेएसएफ या जावाच्याच वेब फ्रेमवर्कमध्ये नवा लिहिला. मुनीम काट्यावर शेतकऱ्याचा खाते नंबर सेशनमध्ये (सर्व्हर त्या ब्राउझरपुरतं लक्षात ठेवतो ते) टाकतो, पण चुकाऱ्याच्या पानावर तो नल. काल एक काका ट्रॅक्टर खाली करून खिडकीशी आले, तं मुनीम पुन्हा नावगाव विचारे. "आत्ताच तं सांगतलं न बापू!" टॉमकॅट ९ सर्व्हर एकच, ब्राउझर एकच. सध्या नंबर यूआरएलला चिकटवतो. लाज वाटते, आकडा बदलला की दुसऱ्याचा चुकारा उघडतो.

वरोऱ्याची
वॉर फाइल (WAR, अ‍ॅपचं पॅकेज) एक की दोन?

जिनिंगवाला
दोन.

वरोऱ्याची
मग जेएसएफला बोल लावू नका. एचटीटीपीसेशन एका सर्व्हलेट काँटेक्स्टपुरतंच, म्हणजे एका वॉरपुरतंच असतं. ब्राउझरमध्ये सेशनची ओळख ठेवणारी जेसेशनआयडी कुकी दोनदा दिसेल, पाथ वेगवेगळे. दोन्ही एका वॉरमध्ये घ्या. सर्व्हलेटनं सेटअ‍ॅट्रिब्यूटनं ठेवलेलं जेएसएफला एक्स्टर्नलकाँटेक्स्टच्या गेटसेशनमॅपमध्ये मिळतं, सेशन तेच आहे.

रात्रपाळी
एवढी उठाठेव काहून? टॉमकॅटच्या सेशनकुकीपाथ सेटिंगला नुसता स्लॅश द्या.

वरोऱ्याची
त्यानं आयडी सारखा होतो, आतला माल नाही. वॉर दोनच ठेवायचे तर स्प्रिंग सेशन ही लायब्ररी लावून सेशन डेटाबेसात ठेवा, तिथंही कुकीचा पाथ स्लॅशच हवा. अन् आत साधी स्ट्रिंग ठेवा, ऑब्जेक्टच्या भानगडीत पडू नका.

जिनिंगवाला
एकच वॉर केला, नंबर आला! मधात अर्धा दिवस गेला: जुना लॉगिन फिल्टर जेएसएफची सीएसएससुद्धा अडवत होता, पान उघडंबोडकं दिसे. javax.faces.resource हा रस्ता फिल्टरमधून सोडला, तेव्हा जमलं.

वरोऱ्याची
आता मुनीमाला दोन टॅबमध्ये दोन गाड्या घ्यायला लावा.

जिनिंगवाला
अरे देवा. पहिल्या टॅबवर चुकारा दाबला अन् दुसऱ्याच गाडीचं खातं आलं. टॅब दोन, सेशन एक.

वरोऱ्याची
म्हणून सेशनमध्ये फक्त मुनीमाचं लॉगिन ठेवा. काटापट्टीचा (वजनाच्या पावतीचा) नंबर यूआरएलमधूनच जाऊ द्या, पण ती पट्टी त्याला उघडता येते का, चुकारा आधीच झाला का, हे दरवेळी सर्व्हरवर तपासा.

जिनिंगवाला
म्हणजे यूआरएलचा जुगाड अर्धा बरोबरच होता. आज रात्री बदलतो, लाइन राहिली तं.