वर्कफ्लो डेटाबेस कोण घेतं? माणसं मोजून याचं उत्तर मिळत नाही

नोंदकरी

इथे परवा एका पोस्टमध्ये कुणीतरी ठासून लिहिलं होतं की वर्कफ्लो डेटाबेस (एक काम हातोहात पुढे जाताना त्याची स्थिती, मुदत आणि मंजुरी नोंदवणारं सॉफ्टवेअर) हे बड्या कंपन्यांचं खूळ आहे. शंभराच्या आत माणसं असतील तर एक्सेल आणि ईमेल पुरे, बाकीचे डेमोला भुलतात. त्याखाली इतक्या जणांनी माना डोलावल्या की सविस्तर लिहिणं भाग आहे.

कंपनीत माणसं किती, हा प्रश्नच गैरलागू आहे. एक काम किती हातांतून जातं, मध्ये किती दिवस पडून राहतं, आणि "हे कुणी, कधी, कशाच्या आधारावर मंजूर केलं" असं विचारणारा बाहेरचा कुणी आहे का, हे बघा. वैद्यकीय उपकरणं बनवणारी बारा माणसांची कंपनी हे घेते, कारण तिला गत्यंतर नसतं. उलट एकच वस्तू रोज त्याच क्रमाने बनवणाऱ्या हजार माणसांच्या कारखान्याला ईआरपीपलीकडे (साठा, खरेदी, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) फारसं लागत नाही. तिथे कामाचा क्रम यंत्रांच्या मांडणीतच ठरलेला असतो.

उपकरणाबद्दल एक तक्रार आली की काय होतं ते पाहा. आधी नोंद. मग नियामकाला कळवायची का, हा निर्णय. बॅच क्रमांकावरून उत्पादनाचे कागद काढणं, तपास, मूळ कारण, सुधारणा, आणि काही आठवड्यांनी ती सुधारणा टिकली का याची पडताळणी. एवढं झाल्यावर तक्रार बंद. अमेरिकेत माल विकत असाल तर मृत्यू, गंभीर इजा किंवा तसं घडवू शकणारा बिघाड निर्मात्याने ३० दिवसांत एफडीएला (तिथल्या नियामकाला) कळवावा लागतो, काही प्रसंगी तर ५ कामकाजाच्या दिवसांत. ते ३० दिवस गुणवत्ता विभागाच्या हाती फाइल पडल्यापासून मोजत नाहीत. कंपनीतल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला कळलं, त्या दिवसापासून मोजतात. विक्री प्रतिनिधीच्या मेलबॉक्समध्ये तक्रार नऊ दिवस पडली तर ते नऊ दिवस गेले.

एक्सेलमध्ये हे सगळं एका ओळीत कोंबतात. 'स्थिती'च्या स्तंभात कुणी 'चालू' लिहितं, कुणी 'तपास चालू', कुणी सेल नुसता पिवळा करतं. रंगावर फिल्टर लागतो, पण पिवळ्याचा अर्थ काय हे ज्याने रंगवलं त्यालाच ठाऊक.

विमा दावे, कर्जप्रकरणं, वकिलांची कार्यालयं, बांधकामातले आराखड्यांवरचे प्रश्न आणि त्यांची मंजुरी, सगळीकडे हीच जातकुळी. काम सुटं, प्रत्येकाची वाट थोडी वेगळी, आणि अडलं तर कुठे अडलं ते त्याच दिवशी कळायला हवं.

सरळरेघ

साफ असहमत. उपकरणं आणि औषधं हे सोयीचं उदाहरण आहे. तिथे कायद्याचा बडगा आहे, म्हणून घेतात. ज्यांच्यावर तो नाही, त्यांना का गळ्यात बांधता?

पहिली अडचण अशी की बहुतेक छोट्या कंपन्यांची प्रक्रिया ठरलेलीच नसते. ती ठरण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये गोठवली की प्रत्येक अपवादाला अ‍ॅडमिनच्या दारात उभं राहावं लागतं. मग खरं काम फोनवर आणि ईमेलवर होतं, आणि शुक्रवारी संध्याकाळी बसून आठवड्याच्या नोंदी मागून भरल्या जातात. तारखा खोट्या, क्रम खोटा. अनिवार्य रकान्यात टिंब किंवा 'लागू नाही'. अशा डेटावरचा डॅशबोर्ड एक्सेलपेक्षा धोकादायक, कारण लोक त्यावर विश्वास ठेवतात.

दुसरं, तुमचा 'चालू / तपास चालू'चा प्रश्न डेटा व्हॅलिडेशनची यादी लावून (म्हणजे सेलमध्ये ठरलेले पर्यायच निवडता येतील असं करून) दोन मिनिटांत सुटतो. एक्सेलमध्ये आता एकाच वेळी अनेकांना काम करता येतं, जुन्या आवृत्त्या मागे जाऊन बघता येतात. एक्सेल नीट न शिकता त्याच्या नावाने खडे फोडू नका.

नोंदकरी

व्हॅलिडेशन लावलेल्या सेलवर दुसरीकडून कॉपी करून पेस्ट करा आणि बघा. यादीबाहेरचा मजकूर बिनबोभाट आत जातो, वर पेस्टने व्हॅलिडेशनचा नियमही पुसला जातो. हे रोज घडतं, कारण लोक टाइप करत नाहीत, पेस्ट करतात.

आणि मूळ दुखणं वेगळंच आहे. एका तक्रारीला तीन नमुने, दोन तपास, चार सुधारणा असतात. एक्सेलमध्ये त्याचे 'कृती १', 'कृती २', 'कृती ३' असे स्तंभ होतात आणि पाचवी कृती आली की कुणीतरी ती शेऱ्यात लिहितं. मग 'मुदत उलटलेल्या सगळ्या कृती दाखवा' हा साधा प्रश्न विचारता येत नाही. डेटाबेसमध्ये कृतींचं वेगळं टेबल असतं. प्रत्येक कृतीला स्वतःचा मालक, मुदत आणि स्थिती. डेटा असा जोडलेल्या टेबलांत ठेवण्याची ही कल्पना संगणकशास्त्रज्ञ कॉडने १९७० मध्ये मांडली, त्यात फॅशनचा संबंध नाही.

एक्सेल शिकण्याबद्दल म्हणाल, तर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्या नाहीत, कारण मधल्या टप्प्यावर एक्सेलच्या फाइलचा जुना एक्सएलएस साचा होता आणि त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. त्याच वर्षी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने 'सेप्ट१'सारखी नावं बदलल्याचं जाहीर केलं, कारण एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकतं. ही माणसं अडाणी होती का?

मधलीओळ

दोघंही एका मोठ्या वर्गाला विसरताय. जाहिरात संस्था, प्रकाशनं, व्हिडिओ बनवणारे. यांच्या मागे तपासनीस नाही, तरी हे लोक एअरटेबलसारखं (ऑनलाइन, तक्त्यासारखा दिसणारा डेटाबेस) काही हौसेने घेतात. कारण एकच मजकूर पाच माध्यमांत जातो आणि ग्राहकाने नेमकी कुठली आवृत्ती मंजूर केली यावर भांडण होतं. मंजुरी आवृत्तीच्या नोंदीला जोडलेली असेल तर भांडण मिटतं. मोहिमेच्या नोंदीला जोडली तर काहीच उपयोग नाही, कारण फाइल बदलते आणि मंजुरीची खूण तशीच राहते. घेणारे निम्मे लोक इथेच फसतात.

मर्यादाही आधी बघा. एअरटेबलचा एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने डेटा आत-बाहेर करायचं दार) एका बेसला, म्हणजे एका डेटाबेसला, सेकंदाला ५ विनंत्या घेतो. रात्री हजारो नोंदी एकेक करून ढकलणारी स्क्रिप्ट तिथे आपटते. दहा-दहाच्या गठ्ठ्यात पाठवा. शेअरपॉइंटच्या (मायक्रोसॉफ्टचं फाइली आणि याद्या ठेवायचं साधन) यादीत ५,००० नोंदींची मर्यादा आहे. इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) नसलेल्या स्तंभावर फिल्टर लावलेलं पान त्यापुढे चालेनासं होतं. चाचणी २०० नोंदींवर केली की हे दिसत नाही, वर्षाने दिसतं.

जुनाकारभार

कोण घेतं यावर एवढी चर्चा, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं यावर चकार शब्द नाही. लोटस नोट्स, ईमेल आणि डेटाबेस एकत्र देणारं जुनं सॉफ्टवेअर, विसरलात सगळे? १९८९ मध्ये आलं, १९९५ मध्ये आयबीएमने लोटस कंपनीच घेतली, २०१९ मध्ये ते एचसीएलकडे गेलं. मोठ्या कंपन्यांनी त्यावर शेकड्यांनी मंजुरीची अ‍ॅप्लिकेशन्स बांधली आणि आज त्यातून डेटा काढताना घाम फुटतो.

नुसतं 'एक्स्पोर्ट करा' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो. नोट्सच्या ज्या दस्तऐवजात रीडर्स फील्ड (कुणी वाचायचं त्यांची यादी) आहे आणि त्यात तुमचं खातं नाही, तो दस्तऐवज तुम्हाला दिसतच नाही. त्रुटीचा संदेशही येत नाही, आकडा फक्त कमी येतो. सर्व्हरवर फुल अ‍ॅक्सेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन चालू करून मोजणी जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. 'कम्प्युटेड फॉर डिस्प्ले' फील्डमधलं मूल्य फक्त दाखवण्यापुरतं मोजलं जातं, दस्तऐवजात साठवलेलंच नसतं, पडद्यावर दिसलेला आकडा एक्स्पोर्टमध्ये सापडणार नाही. एका दस्तऐवजातून दुसऱ्यावर नेणारे दुवे, डॉकलिंक, तुटतात. रेप्लिकेशनच्या (वेगवेगळ्या ठिकाणच्या प्रती एकमेकींशी जुळवण्याच्या) संघर्षातून झालेल्या जुळ्या प्रतींमधली खरी कोणती, हे माणसानेच बघावं लागतं.

सरळरेघ

हेच तर सांगतोय! एक्सेलची फाइल वीस वर्षांनीही उघडते.

नोंदकरी

फाइल उघडते, पण आतला निर्णय कुणी घेतला ते कळत नाही. आणि नोट्स इतकी वर्षं टिकलं ते काही उगाच नाही. नेटवर्क नसताना लॅपटॉपवर काम करून नंतर रेप्लिकेट करता यायचं. दूरच्या शाखा असलेल्या विमा आणि अभियांत्रिकी कंपन्यांना त्या काळी दुसरं काय होतं?

जुनाकारभार

नोट्स वाईट आहे असं मी कुठे लिहिलं? वाचून बोला. माझा राग विक्रेत्यावर प्रक्रिया गहाण टाकण्यावर आहे. शेअरपॉइंट ऑनलाइनमधले २०१० पद्धतीचे वर्कफ्लो मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२० मध्ये बंद केले, २०१३ पद्धतीच्यांना एप्रिल २०२६ ची मुदत दिली. यादीतला डेटा राहतो, पण त्याला हलवणारं लॉजिक नव्याने लिहावं लागतं. ते कुठेही लिहून ठेवलेलं नसतं, कारण "सिस्टिममध्ये आहेच की"!

मधलीओळ

धागा पूर्ण नोट्सवर गेला आहे, तरी एक भर. इतिहास वेगळा काढून घ्या. बहुतेक साधनं नोंदीची आजची स्थिती सीएसव्हीत देतात, बदलांचा इतिहास त्यात नसतो. ज्या पुराव्यासाठी सॉफ्टवेअर घेतलं, नेमका तोच मागे राहतो.

ताळेबंद

मूळ प्रश्नावर येतो. अमेरिकन शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्या हे घेतात, त्यामागे बरेचदा वित्त विभाग असतो. २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याचं कलम ४०४ कंपनीच्या अंतर्गत नियंत्रणांचं मूल्यमापन मागतं. म्हणजे खर्च मागणारा आणि मंजूर करणारा वेगळा होता, हे दाखवावं लागतं.

पण सॉफ्टवेअर घेतलं म्हणजे नियंत्रण आलं असं समजू नका. सर्वांत जास्त दिसणारं भोक हे: मागणी मंजूर होते आणि त्यानंतर रकमेचा रकाना बदलता येतो. मंजुरीनंतर रक्कम, पुरवठादार आणि खातेक्रमांक कुलूपबंद हवेत, नाहीतर त्यातलं काहीही बदललं की स्थिती आपोआप 'मंजुरीसाठी'वर परत यायला हवी. दुसरं भोक रजेवरच्या अधिकाऱ्याचं. तो बदली माणूस नेमतो आणि तो नेमका मागणी करणाराच निघतो. तपासणी भूमिकेवर नको, प्रत्यक्ष माणसावर हवी.

सरळरेघ

ताळेबंद यांचा मुद्दा मान्य. बाहेरचा कुणी पुरावा मागत असेल तर घ्या, तिथे एक्सेलचा हट्ट मी धरणार नाही. एका तक्रारीला अनेक कृती, हेही खरं. पण 'अपवाद जास्त म्हणून डेटाबेस घ्या' हे मी मानत नाही. बंद झालेली शेवटची तीस प्रकरणं काढा आणि प्रत्येकाने खरी वाट कोणती घेतली ते कागदावर लिहा. दहाहून अधिक प्रकरणं कुणीच न आखलेल्या वाटेने गेली असतील, तर आत्ता काही विकत घेऊ नका.

नोंदकरी

तीस प्रकरणांची कसोटी योग्य आहे, निष्कर्ष नाही. वाटा इतक्या फुटत असतील तर टप्पे सक्तीचे करू नका, एवढंच. सुरुवातीला चारच स्थिती ठेवा: आलं, चालू, दुसऱ्याकडे अडलं, बंद. 'अडलं' निवडलं की कुणाकडे आणि कधीपर्यंत, हे दोन रकाने अनिवार्य. बाकी सगळे ऐच्छिक, म्हणजे टिंबं भरायची वेळ येत नाही. तीन महिन्यांनी 'अडलं'ची यादी बघा, पुढचा टप्पा कुठे लागतो ते तिथेच दिसेल.

जुनाकारभार

आणि त्या चार स्थितींमधला प्रत्येक बदल वेगळ्या टेबलात: नोंद क्रमांक, जुनी स्थिती, नवी स्थिती, कुणी, केव्हा. हे टेबल महिन्याला एकदा बाहेर काढून दुसरीकडे ठेवा. करार करण्याआधी विक्रेत्याला सांगा की हे आत्ता, माझ्यासमोर काढून दाखव. दाखवता आलं नाही तर सही करू नका.