अडचणी एकामागून एक आल्या, हे इंग्रजीत कोणत्या समूहवाचक शब्दाने सांगावे?

प्रश्न: एका प्रकल्पाचा वार्षिक अहवाल मी इंग्रजीत लिहीत आहे. आधी यंत्रसामग्री उशिरा आली, मग अनुभवी अभियंते सोडून गेले आणि शेवटी चाचणीत दोष सापडले. याला मी 'अ लॉट ऑफ प्रॉब्लेम्स' असे लिहिले, पण त्यातून अडचणी पुष्कळ होत्या एवढेच कळते, त्या ओळीने येत गेल्या हे कळत नाही. 'सीरीज', 'स्ट्रिंग', 'स्पेट', 'स्ल्यू', 'होस्ट', 'लिटनी' यांपैकी कोणता शब्द योग्य ठरेल? आणि क्रियापद एकवचनी ठेवावे की अनेकवचनी?

उत्तर १: आपल्या वर्णनात क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून 'सीरीज' किंवा 'स्ट्रिंग' घ्यावा, पहिला तटस्थ आहे, तर दुसऱ्यात मधे उसंत न मिळाल्याची छटा आहे. 'होस्ट'चा जुना अर्थ सैन्य असा असल्याने त्यात संख्या येते, क्रम येत नाही. 'स्ल्यू' बोलण्यातला वाटतो, अहवालात टाळावा. 'स्पेट'चा मूळ अर्थ पूर असा आहे. थोड्या काळात एकाच प्रकारच्या घटना अचानक वाढल्या की तो वापरतात, म्हणजे मराठी वृत्तपत्रे ज्याला 'चोऱ्यांचे सत्र' म्हणतात ते इंग्रजीत 'अ स्पेट ऑफ बर्गलरीज' होते. आपल्या अडचणी निरनिराळ्या प्रकारच्या असून वर्षभर पसरलेल्या आहेत, तेव्हा तो येथे बसत नाही.

उत्तर २: 'लिटनी'बाबत विशेष सावध राहावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. ख्रिस्ती उपासनेत पुरोहित एकेक विनंती उच्चारतो आणि उपासक ठरावीक प्रतिसाद देत जातात, त्या प्रार्थनेचे हे नाव आहे. त्यावरून आपण ज्याला तक्रारींचा पाढा म्हणतो तो अर्थ त्याला आला. 'अ लिटनी ऑफ फेल्यर्स' असे लिहिले की वाचकाला त्यात दोषारोप ऐकू येतो. ब्रिटिश लेखनातील 'अ कॅटलॉग ऑफ एरर्स' याचेही तसेच आहे, कारण चूक म्हटली की ती कोणाची तरी असते, आणि यंत्रे उशिरा येणे ही आपल्या सहकाऱ्यांची चूक असेलच असे नाही.

उत्तर ३: क्रियापदाविषयी: औपचारिक लेखनात 'अ सीरीज ऑफ प्रॉब्लेम्स हॅज' असे एकवचन चालते, मात्र 'अ नंबर ऑफ प्रॉब्लेम्स' नंतर 'हॅव' येते. साधा भूतकाळ घेऊन 'डिलेड द प्रोजेक्ट' असे लिहिल्यास हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. यंत्रे नसल्याने काम थांबले आणि अभियंते त्यामुळेच गेले, असे असेल तर 'चेन' म्हणता येईल का?

उत्तर १: येईल, परंतु 'चेन ऑफ इव्हेंट्स' म्हटले की एका घटनेतून दुसरी उद्भवली असा दावा होतो. तो कार्यकारणसंबंध अहवालात दाखवता येत असेल तरच तो शब्द वापरावा. अन्यथा 'अ सीरीज ऑफ सेटबॅक्स' पुरेसे आहे.