नर्मदा परिक्रमेच्या वहीवर शिक्के कुठून घ्यायचे?

दारव्ह्याकडचा शेतकरी: राम राम मंडळी. बाबा कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलणार आहेत. कापूस वेचणी ऐन भरात, तरी जायचंच म्हणतात. वहीत शिक्के लागतात म्हणे. कोण देतं? एखादा राहिला तर?

अचलपूरची ताई: भाऊ, आश्रमात, मंदिरात, ग्रामपंचायतीत मिळतो. मुक्कामाला पोचल्याबरोबर रात्रीच मागून घ्या म्हणा; पहाटे निघताना सेवेकरी आंघोळीला गेलेले असतात. शाई ओली असताना वही मिटू नये, समोरच्या पानावर जांभळा डाग उमटतो. वही प्लास्टिकच्या पिशवीतच ठेवा, घामानं अक्षरं फुटतात.
शिक्का राहिला तर राहू द्या. मय्या उजव्या हाताला ठेवायची आणि पात्र ओलांडायचं नाही, हा खरा नेम. तो पाळला की मला बाकी कशाची काळजी वाटत नाही.

दारव्ह्याकडचा शेतकरी: मग गुजरातेत नावेत बसतात ते?

अचलपूरची ताई: ते संगमापुढं, समुद्रातून. तिथं चालतं. बाबांना उलट्या होत असतील तर गोळी सोबत द्या.

मोर्शीचा भाचा: आमच्या मामांनी वहीत मागच्या पानावर घरचा फोन नंबर लिहिला होता. ते नक्की करा.