केसपेपर मागणं म्हणजे डॉक्टरवर हल्ला करणं नव्हे

केळीवाला, रावेर:
काल इथं एका डॉक्टरसाहेबांनी लिहिलं, "ऊठसूट तक्रारी करणाऱ्या नातेवाइकांमुळेच चांगले डॉक्टर खान्देश सोडून पुण्या-नाशकाला चाललेत." रात्रभर झोप लागली नाही, म्हणून लिहितोय. माझी आई चौदा महिन्यांपूर्वी गेली. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, ताप चढला. मोठे डॉक्टर दीड दिवस फिरकले नाहीत. मग रात्री अकराला म्हणाले, जळगावला हलवा. भुसावळ यायच्या आत तिनं मान टाकली. मी काच फोडली नाही, शिवी दिली नाही. फक्त केसपेपर मागितले. चार हेलपाटे झाले, दर वेळी "साहेब बाहेर आहेत". त्या दीड दिवसाच्या रकान्यात काय लिहिलंय, एवढंच मला वाचायचंय. ही ऊठसूट तक्रार झाली का?

सर्जन, चोपडा:
ते वाक्य माझंच, आणि मी ते मागे घेणार नाही. तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं. पण पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर पित्त गळणं जाणत्या हातूनही होतं. गुंतागुंत झाली म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं नाही. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टरला मारलं, त्याचा डोळा जायबंदी झाला. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा 2010 पासून आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आहे; पन्नास माणसं दारात आली की तो कायदा कुठे असतो? मी रात्री गंभीर पेशंट घेणं बंद केलंय. सरळ पुढे पाठवतो.

केळीवाला, रावेर:
त्या "पुढे पाठवतो"मध्येच माझी आई गेली, डॉक्टर.

वकील, अमळनेर:
दोघेही थांबा. डॉक्टर, तुम्हाला कायद्याची भीती आहे त्यापेक्षा संरक्षण जास्त आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात 2005 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की फौजदारीसाठी निष्काळजीपणा गंभीरच हवा, पोलिसांनी आधी तज्ज्ञ डॉक्टरचं मत घ्यावं, सरसकट अटक करू नये. नव्या न्याय संहितेच्या कलम 106 मध्येही निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर इतरांना पाच वर्षांपर्यंत शिक्षा, नोंदणीकृत डॉक्टरला दोनच. आणि रावेरवाले भाऊ, तुम्ही कागद तोंडी मागितलेत की लेखी? डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे अर्ज दिल्यापासून 72 तासांत कागद द्यावे लागतात. ते जपून ठेवायचं बंधन मात्र उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं.

शिक्षक, धडगाव:
तुमचं सगळं शिकलेल्या डॉक्टरांचं चाललंय. आमच्या पाड्यावर कोण येतं ते विचारा. मोटारसायकलवर बॅग, प्रत्येक तापाला सुई, प्रत्येक अशक्तपणाला सलाईन. डिग्री होमिओपॅथीची, नाहीतर तीही नाही. माझ्या वर्गातल्या मुलीला कमरेत इंजेक्शन दिलं, तिचा पाय आजही ओढतो. आधी यांच्यावर बोला.

होमिओपॅथ, शिंदखेडा तालुका:
गुरुजी, बोगस माणसाला आणि मला एका ओळीत बसवू नका. साडेपाच वर्षं शिकलोय. 2014 ला विधिमंडळानं कायदा बदलला, त्यानुसार एक वर्षाचा सीसीएमपी हा आधुनिक औषधांचा कोर्स करून मी ॲलोपॅथीची औषधं लिहितो. रात्री दोनला विंचू चावलेलं पोरगं माझ्या ओट्यावर येतं. त्या वेळी तुमचे एमडी कुठे असतात?

सर्जन, चोपडा:
एक वर्षात फार्माकोलॉजी, म्हणजे औषधशास्त्र, येत नाही. मला पोस्टिंग, इंटर्नशिप, एमएस धरून दहा वर्षं लागली. तुमचे स्टेरॉइड दिलेले पेशंट मी निस्तरतो, जखम भरत नाही म्हणून शिव्या मला पडतात.

होमिओपॅथ, शिंदखेडा तालुका:
आणि माझ्याकडून पेशंट पाठवून घेताना ही डिग्री चालते! दिवाळीला मिठाई पाठवता तेव्हा मी "डॉक्टरसाहेब" असतो.

शिक्षक, धडगाव:
म्हणजे पेशंटमागे कट, कमिशन चालतं, हे तुम्हीच कबूल केलंत.

सर्जन, चोपडा:
मी कट देत नाही. गुरुजी, तोंड सांभाळून लिहा. मिठाई पाठवतो, ते खरं आहे. यंदापासून तीही बंद.

मजूर, साक्री:
ग्राहक मंचात जा म्हणतात, पण तिथं पैसे भरलेल्याचीच केस चालते ना? सिव्हिलमधी फुकट इलाज करनारा आम्हले कोण इचारस? माझा भाऊ तिथं गेला, सही कोणाची ते बी वाचता आलं नाही.

वकील, अमळनेर:
भाऊ, तुमचं बरोबर आहे, आणि मला त्याची लाज वाटते. सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालानं डॉक्टर ग्राहक कायद्यात आले, पण सगळ्यांनाच मोफत सेवा देणारं सरकारी रुग्णालय बाहेर राहिलं. मग उरतो दिवाणी दावा, नाहीतर डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारी मुंबईची मेडिकल कौन्सिल. साक्रीहून मुंबईची एक तारीख म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडाली. कौन्सिलची सुनावणी धुळ्यात, जळगावात का होऊ नये? चुकणाऱ्या डॉक्टरचा निवाडा डॉक्टरांनीच जवळ बसून केला, तर पोलीस ठाण्याची पायरी कोण चढेल?

सर्जन, चोपडा:
हे मला पटतं. नाइलाजानं म्हणतोय, पण पटतं. जाणत्या माणसांपुढे उत्तर द्यायला मी कधीही तयार आहे, जमावापुढे नाही. आणि पेपर न देणं चूकच आहे. लपवणाऱ्या एकामुळे आम्ही दहा जण संशयात येतो.

वकील, अमळनेर:
रावेरवाले भाऊ, ग्राहक आयोगाची, म्हणजे जुन्या ग्राहक मंचाची, मुदत दोन वर्षांची. तुमचे दहा महिने उरलेत. अर्ज द्या, पोच घ्या.

केळीवाला, रावेर:
तोंडीच मागत होतो. लेखी द्यायचं असतं हे कोणी सांगितलंच नाही. सोमवारी देतो. पण ते इंग्रजी अक्षर मला वाचून कोण दाखवेल?

सर्जन, चोपडा:
कागद मिळाले की चोपड्याला घेऊन या. मी ओळ न ओळ वाचून दाखवीन. चूक दिसली तर चूक म्हणेन, नसली तर तेही तोंडावर सांगेन. रविवारी सकाळी ओपीडी नसते, तेव्हा या.