कचरा वेगळा करून पुढे नक्की काय होतं? आणि सर्क्युलर इकॉनॉमी म्हणजे रीसायकलिंगचंच नवीन नाव का?

ओंजळ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. गेली चार वर्षं आम्ही घरात ओला, सुका आणि बॅटरी-बल्बसारखा घातक असा कचरा वेगळा ठेवतो, प्लॅस्टिकचे डबे विसळून वाळवतो, मुलांनाही आता सांगावं लागत नाही. मागच्या आठवड्यात गॅलरीतून बघितलं तर गाडीवाल्यांनी दोन्ही डबे एकाच कप्प्यात उलटे केले. खूप वाईट वाटलं. धाकटी शेजारीच उभी होती, म्हणाली मग आपण कशाला वेगळं करतो, मला काही उत्तरच सुचलं नाही.
दुसरं म्हणजे हल्ली सर्क्युलर इकॉनॉमी, चक्राकार अर्थव्यवस्था हे सारखं कानावर पडतं. म्हणजे सगळं रीसायकल करायचं एवढंच ना, का अजून काही असतं त्यात? कोणी या क्षेत्रातलं असेल तर जरा सविस्तर लिहा प्लीज.

खटपट्या:
ओंजळताई, मी नऊ वर्षं प्लॅस्टिक रीसायकलिंगच्या लाइनवर काम केलंय, त्यामुळे एकत्र केल्यावर काय होतं ते रोज बघितलंय. ओल्यात भिजलेला कागद गेलाच समजा, त्याचा परत लगदा करण्यात कोणाला रस नसतो, आणि कागदाचं असंही आहे की धागे दर फेरीला तुटत जातात, पाच ते सात वेळा झालं की संपलं. काच आणि अ‍ॅल्युमिनियमला तो प्रश्न नाही, ते कितीही वेळा वितळवा, जुन्या अ‍ॅल्युमिनियमपासून नवीन करायला खनिजापासून करण्यापेक्षा ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा डबा रिकामा करून वेगळा ठेवलात तर तो बहुतेक वेळा कोणीतरी उचलतंच, अगदी डम्पिंगवरून सुद्धा वेचून काढतात, फक्त तिथे वेचणाऱ्याचे हात त्या घाणीत जातात हे विसरू नका.
प्लॅस्टिकचं खरं दुखणं वेगळंच आहे. बाटल्यांचा चुरा आम्ही पाण्यात टाकायचो, झाकणं पीपी किंवा पीई या जातीच्या प्लॅस्टिकची, हलकी, ती तरंगतात आणि पेटचा, म्हणजे ज्या प्लॅस्टिकची बाटली असते त्याचा, चुरा खाली बसतो, झाले वेगळे. पण बाटलीवर ते घट्ट बसवलेलं पीव्हीसी या आणखी एका जातीच्या प्लॅस्टिकचं लेबल असेल तर तेही पेटबरोबर खाली बसतं, आणि जराशी पीव्हीसी जरी वितळताना आत राहिली तरी सगळा माल पिवळा पडतो, ठिसूळ होतो, वर आम्लाची वाफ सुटून मशीन गंजतं ते वेगळंच. काळ्या ट्रे घ्या, काळा रंग ज्या कार्बनने येतो तो सॉर्टिंग मशीनचा इन्फ्रारेड प्रकाश शोषून घेतो, मशीनला ती वस्तू दिसतच नाही, सरळ कचऱ्यात जाते. आणि चकचकीत पाकिटं म्हणजे प्लॅस्टिक, अ‍ॅल्युमिनियम, परत प्लॅस्टिक असे थर चिकटवलेले, ते सुटे करायला जो खर्च येतो त्यात कोणाचंच पोट भरत नाही. यात तुमची चूक कुठेच नाही, ज्याने ती वस्तू बनवली त्याने ती परत सुटी होईल का हा विचारच केलेला नाही. प्लॅस्टिकच्या वस्तूवर छापलेला त्रिकोणातला १ ते ७ नंबर बघून लोकांना वाटतं रीसायकल होणार, तो नंबर फक्त प्लॅस्टिकची जात सांगतो.

पानगळ:
खटपट्या यांना अनुमोदन. मी फक्त ओल्याबद्दल लिहिते कारण मला तेवढंच नीट कळतं.
ताई, गाडीत काय होतं ते आपल्या हातात नाही, पण ओला कचरा गाडीत गेलाच नाही तर निम्मा प्रश्न सुटतो, सुका आपोआप कोरडा राहतो. ढिगाऱ्याखाली हवा पोचत नाही, तिथे ओलं कुजताना मिथेन तयार होतो आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा १०० वर्षांच्या हिशोबाने साधारण २८ पट उष्णता धरतो, २० वर्षांच्या हिशोबाने तर ८० पटीच्या आसपास. त्याच साली आणि देठं हवेशीर कुजवल्या तर मिथेन जवळजवळ होतच नाही.
जपानमध्ये कामिकात्सु म्हणून दीड हजाराच्या आसपास वस्तीचं गाव आहे, तिथे कचऱ्याची गाडीच येत नाही. २००३ साली त्यांनी शून्य कचऱ्याचं ठरवलं, ओलं प्रत्येकाने घरी जिरवायचं आणि बाकीचं स्वतः केंद्रावर नेऊन चाळीसहून जास्त प्रकारांत लावायचं. साधारण ८० टक्के कचरा असा पुन्हा वापराकडे वळवतात ते. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की उरलेले २० टक्के कितीही मनापासून केलं तरी जात नाहीत, कारण त्या वस्तूच तशा बनलेल्या असतात, खटपट्या म्हणतात तेच.

अनुस्वार:
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नाही, दोन्ही एक नाहीत, आणि हा घोळ फार लोक करतात (काही कंपन्या मुद्दाम करतात असं माझं मत). रीसायकलिंग हा चक्रातला सगळ्यात बाहेरचा, शेवटचा वळसा. त्याच्या आत दुरुस्ती, परत वापर, सुटे भाग काढून दुसरीकडे लावणं हे छोटे वळसे असतात आणि वळसा जितका छोटा तितकं आधी घातलेलं श्रम, ऊर्जा टिकते. फोन वितळवून त्यातलं तांबं-सोनं काढलं तर धातू मिळतो पण ती चिप बनवायला लागलेलं सगळं वाया, बॅटरी बदलून अजून चार वर्षं वापरला तर काहीच वाया नाही.
आकडा सांगतो. जगाच्या अर्थव्यवस्थेत जेवढा माल दरवर्षी खपतो त्यातला पुन्हा वापरात आलेला किती, तर २०१८ च्या सर्क्युलॅरिटी गॅप अहवालात ९.१ टक्के होता आणि २०२३ च्या अहवालात ७.२. म्हणजे इतकी वर्षं बोलून कमी झालाय! कारण जमिनीतून काढल्या जाणाऱ्या कच्च्या मालाचा एकूण उपसाच वाढतोय, आणि त्यातलं बरंचसं इमारती-रस्त्यांत अडकून पडतं किंवा जाळून संपतं, ते परत येणार कुठून. म्हणून नुसतं रीसायकलिंग कितीही वाढवलं तरी चक्र पूर्ण होत नाही, मुळात कमी उपसणं आणि आहे ते जास्त टिकवणं आलंच.
हे लोकांच्या सद्भावनेवर सोडून चालत नाही असं माझं ठाम मत आहे. १९९० मध्ये स्वीडनच्या थॉमस लिंडक्विस्ट यांनी विस्तारित उत्पादक जबाबदारी ही कल्पना मांडली, वस्तू विकली की बनवणारा सुटला असं नाही, तिचं शेवटी काय होतं तोही भार त्याचाच. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून फोन, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर ही किती दुरुस्त होते याचे दहापैकी गुण छापायचा नियम आला. युरोपियन युनियनमध्ये जून २०२५ पासून नवीन फोन मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळालेच पाहिजेत. असे नियम आले की डिझाइन करणाऱ्याच्या टेबलावर प्रश्न जातो, तुमच्या सिंकपाशी नाही.

ओंजळ:
किती नीट लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. लेबलचं तर मला माहीतच नव्हतं, मी बाटली धुवून लेबलसकट देत होते. ते काढून टाकलं तर फरक पडेल का? आणि पानगळ, मी आधी एकदा घरी खत करून बघितलं होतं पण इतका वास आला की बंद केलं.

खटपट्या:
हो पडेल. बऱ्याच लेबलांना उभी टिंबटिंब रेघ असते तिथून फाडा, झाकण मात्र लावूनच द्या, सुटं झाकण लहान असल्यामुळे चाळणीतून पडून जातं. आणि गाडीवाल्यांना एकदा खाली जाऊन विचारा, कधीकधी गाडीला दुसरा कप्पाच नसतो, मग तक्रार त्यांची नाही, गाडी पाठवणाऱ्याकडे करायला हवी.

पानगळ:
वास आला म्हणजे ओलं जास्त झालं आणि हवा कमी पडली. एक वाटी ओल्याला दोन ते तीन वाट्या सुकलेली पानं किंवा फाडलेला पुठ्ठा घाला, दर दोन-तीन दिवसांनी खालीवर करा, मुठीत दाबल्यावर पिळलेल्या फडक्याइतकं ओलसर वाटलं पाहिजे, पाणी गळता कामा नये. डब्याला तळाशी आणि बाजूला भोकं आहेत का ते आधी बघा. धाकटीला पानं गोळा करायला लावा, आणि काही अडलं तर इथेच लिहा, मी बघत असते.